वर्ल्ड सिरीज २०१६, सातवी मॅच : मॅडनने जिंकवली की मॅडन वाचला?

डावखुरा

बेसबॉलच्या कुठल्याही धाग्यावर हा वाद शेवटी येऊन टपकतोच, म्हणून त्याला स्वतंत्र घर देतोय. वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, चार मॅच आधी जिंकेल तो विजेता. २ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलँडचं प्रोग्रेसिव्ह फील्ड. शिकागो कब्ज ८, क्लीव्हलँड इंडियन्स (आताचे गार्डियन्स) ७, दहा इनिंग. १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद, शाप, बोकड वगैरे सगळ्यांचं पाठ आहे, ते इथे नको. फक्त पिचर (चेंडू टाकणारा) आणि मॅनेजर.

माझं म्हणणं असं की मॅनेजर ज्यो मॅडनने पिचिंगचे तीन मोठे निर्णय घेतले, तिन्ही चुकले, आणि टीम त्यांच्यासकट जिंकली.

पाचव्या इनिंगमध्ये ५-१ अशी आघाडी. कायल हेन्ड्रिक्सचे ६३ चेंडू झालेले, दोन आऊट (तीन झाले की इनिंग संपते), एक वॉक (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस). त्याला काढून जॉन लेस्टरला आणलं. दोन धावा गेल्या, ५-३.

आठव्या इनिंगमध्ये ६-३. लेस्टरने दोन आऊट काढलेले, होझे रामिरेझचा एक इनफिल्ड सिंगल (जवळच पडलेला, पहिल्या बेसपुरता फटका). त्याला काढून अरोल्डिस चॅपमन, कब्जचा क्लोजर (शेवटी येऊन मॅच संपवणारा पिचर). गायरचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका), राजाय डेव्हिसचा होमर (चेंडू भिंतीपलीकडे), ६-६.

तिसरा निर्णय या मॅचमधला नाहीच. आदल्या रात्री सहाव्या मॅचमध्ये ७-२ अशी आघाडी असताना चॅपमनला वापरला तो. माझ्या मते मूळ पाप ते.

मतं येऊ द्या. चॅपमनच्या बाबतीत मला खोटं पाडायचं असेल तर आकडे घेऊन या.

नाईटवॉचमन

खुर्ची पकडली आहे.

पाचवा बेस

पहिल्याच मुद्द्यावर असहमत. हेन्ड्रिक्सला काढणं आणि *त्या क्षणी* लेस्टरला आणणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला बरोबर होता.

हेन्ड्रिक्सचा त्या सीझनचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा) २.१३, दोन्ही लीगमध्ये मिळून सर्वांत कमी. पण तो वेगाने मारणारा नाही. ८७-८८ मैलांचा सिंकर (खाली बुडणारा) आणि चेंजअप (मुद्दाम संथ), दोन्ही एकाच हाताच्या हालचालीतून येतात, बॅटरला फरक उशिरा कळतो. अशा पिचरची जादू बॅटर त्याला किती वेळा बघतो त्यावर असते. पहिल्या फेरीत चेंजअप कळत नाही, दुसरीत थोडा कळतो, तिसऱ्या फेरीत बॅटर तो सोडायला शिकलेला असतो. कार्लोस सान्ताना हा पहिल्या नंबरचा बॅटर, त्या इनिंगमध्ये तो तिसऱ्यांदा आला आणि तिथेच वॉक झाला. पुढे किपनिस, लिंडॉर, नॅपोली रांगेत. हेन्ड्रिक्सने त्यांना तिसऱ्यांदा तोंड द्यावं की नाही हा प्रश्न रास्तच होता.

डावखुरा

@पाचवा बेस, वॉक म्हणताय तो २-२ (दोन बॉल, दोन स्ट्राइक) वरचा चेंडू परत बघा. कोपऱ्याला लागलेला. अंपायरने हात वर केला असता तर इनिंग तिथेच संपली असती आणि हा धागाच नसता. ज्याचं काही बिघडलेलं नाही अशा पिचरला एका न दिलेल्या स्ट्राइकपायी काढायचं?

लेफ्टी_ऑन_लेफ्टी

डाव्या-उजव्याचा हिशोब दोघेही विसरताय. जेसन किपनिस डावखुरा बॅटर. आदल्या रात्री त्याने कब्जच्या आरिएटाला होमर मारला होता. लेस्टर डावखुरा पिचर. डाव्या बॅटरला डावा पिचर जड जातो, म्हणून डाव्याला डावा, पुस्तकात पहिल्या पानावरची चाल.

आणि ती चाल *चालली*. किपनिसने काय मारलं? प्लेटपुढे (बॅटर उभा असतो तिथेच) घरंगळलेला टपोरा. तो आऊटच व्हायला हवा होता. कॅचर डेव्हिड रॉसने उचलून फेकला तो पहिल्या बेसच्या पलीकडे. दोन्ही रनर पुढे सरकले, दुसऱ्या-तिसऱ्यावर. मग वाइल्ड पिच (कॅचरला अडवता न आलेला चेंडू). त्यानंतर लिंडॉर स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद). बॅटरशी झालेली लढाई लेस्टर हरला कुठे? दोन धावा गेल्या त्या प्लेटच्या मागे आणि पुढे.

नाईटवॉचमन

म्हणजे बोलर चांगला, कीपर नवा, बाय चार. ओळखीचं दुखणं आहे.

कॅचरचा मुखवटा

नाईटवॉचमननी चेष्टेत नेमकं बोट ठेवलंय. लेस्टर एकटा येत नाही. तो रॉसला घेऊन येतो, आणि इथेच त्या निर्णयाची खरी किंमत आहे.

लेस्टरला पहिल्या बेसकडे थ्रो करता येत नसे. प्लेटकडे ९२ मैलांनी कोपऱ्यात टाकेल, पण पहिल्या बेसवर रनरला दाबून ठेवायला चेंडू फेकायचा तर हात गोठायचा. सगळ्या लीगला माहीत होतं. रनर त्याच्यावर वाट्टेल तेवढी लीड घ्यायचे (बेस सोडून पुढे सरकायचे). यावरचा उतारा म्हणजे रॉस: त्याचा स्वतःचा ठरलेला कॅचर, जो मागून गुडघ्यावरूनच पहिल्या बेसवर थ्रो मारून रनरला धाकात ठेवायचा.

म्हणून लेस्टरला आणायचं तर कोऱ्या इनिंगच्या सुरुवातीला, बेसवर कोणी नसताना, हा शहाणपणाचा मार्ग. मॅडनच्या मॅचआधीच्या बोलण्यातही तेच होतं. आणि प्रत्यक्षात आणलं ते पहिल्या बेसवर सान्ताना उभा असताना.

आता कॅचरच्या बाजूने बघा. विल्सन कॉन्ट्रेरास गेला, रॉस आला. वय ३९, चार इनिंग डगआऊटमध्ये बसून पाय आखडलेले, गार हवा. आल्या आल्या पहिलाच प्रसंग म्हणजे पुढे धावून, वाकून, वळून थ्रो. दुसरा प्रसंग म्हणजे मातीत आपटलेला चेंडू. तो उसळून थेट मुखवट्यावर बसला, रॉस कोलमडला, चेंडू कुठे गेला हे कळेपर्यंत तिसऱ्यावरचा आलेला, दुसऱ्यावरचा किपनिसही थांबला नाही. एका वाइल्ड पिचवर दोन धावा. कॅचर दोन इनिंग अंगात मुरलेला असता तर छातीने अडवला असता का? बहुतेक. कॅचर मातीतला चेंडू झेलत नाही, अंगावर घेऊन पुढे पाडतो. त्यासाठी गुडघे चेंडूआधी जमिनीवर हवेत. रॉसचे किंचित उशिरा पोचले.

चुलीवरचा चहा

नवखा प्रश्न. कॉन्ट्रेरास नंतर परत येऊ शकत होता का? आणि हेन्ड्रिक्स?

पाचवा बेस

नाही. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचपुरता संपला. म्हणून तर प्रत्येक बदल महाग. त्या वेळी संघात २५ जण. सातव्या मॅचला "उद्या" नसतो म्हणून स्टार्टरसुद्धा (एरवी मॅच सुरू करणारे पिचर) बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर गरम होतात तिथे, बसतात, पण त्यातले ताजे किती हा वेगळा हिशोब.

कॅचरचा मुखवटा

आता माझ्याच मुद्द्याच्या उलटं लिहितो, कारण ही साखळी फार मजेदार आहे आणि डावखुरा यांनी ती गाळली.

लेस्टर आला म्हणून रॉस आला. रॉसने दोन धावा घालवल्या. पुढच्याच इनिंगमध्ये त्याच रॉसने क्लीव्हलँडच्या अँड्र्यू मिलरला सेंटरच्या पलीकडे होमर मारला, ६-३. नवव्या इनिंगमध्ये त्याच रॉसने वॉक काढला. तो पळायला जड, म्हणून पिंच रनर (बदली धावणारा) कॉगलन आला. रॉस गेला म्हणून तिसरा कॅचर मिगेल मॉन्टेरो आला. आणि दहाव्या इनिंगमध्ये त्या सातव्या नंबरावर मॉन्टेरोने सिंगल मारून आठवी धाव आणली. मॅच ८-७ ने सुटली हे विसरू नका.

एका फलंदाजी-जागेवर तीन कॅचर, आणि तिघांनीही धाव आणली (कॉन्ट्रेरासने चौथ्या इनिंगमध्ये डबल मारला होता).

नाईटवॉचमन

घोड्याची नाल हरवली ती गोष्ट उलटी ऐकल्यासारखं वाटतंय.

डावखुरा

छान साखळी आहे, पण त्याला निर्णय म्हणत नाहीत, दैव म्हणतात. लेस्टरला आणताना मॅडनच्या डोक्यात "रॉस मिलरला होमर मारेल" हे नव्हतं. निर्णयाचं माप निकालावरून काढायचं नाही, त्या क्षणी हातात काय माहिती होती त्यावरून काढायचं.

लेफ्टी_ऑन_लेफ्टी

बरं, मग तोच नियम किपनिसच्या टपोऱ्यालाही लावा. 😀

आकडेमोड

डावखुरा यांनी आकडे मागितलेत, हे घ्या. चॅपमनचे चेंडू:

३० ऑक्टोबर, पाचवी मॅच : ४२ चेंडू, ८ आऊट
१ नोव्हेंबर, सहावी मॅच : २० चेंडू, ४ आऊट
२ नोव्हेंबर, सातवी मॅच : ३५ चेंडू, ४ आऊट

चार दिवसांत ९७. क्लोजर साधारणपणे एका वेळी ३ आऊट आणि १५ ते २० चेंडू टाकतो. ९७ हा स्टार्टरचा एका मॅचचा आकडा झाला, फक्त स्टार्टरला त्यानंतर चार दिवस सुट्टी मिळते.

हे झाले मोजलेले. बुलपेनमध्ये गरम होताना २०-२५ आणि माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आल्यावर आठ, हे कुठल्याच हिशोबात धरले जात नाहीत. इनिंग संपल्यावर परत बसायचं, परत उठायचं, परत आठ. पाचव्या मॅचमध्ये तो सातव्या इनिंगमध्ये एक आऊट असताना आला आणि शेवटपर्यंत राहिला. खांद्याला थकवतं ते हे उठबस करणं. सलग ४२ वेगळे आणि तीन हप्त्यांत ४२ वेगळे.

उलटा स्विंग

पाचव्या मॅचबद्दल कोणाची तक्रार नसावी. ३-१ ने मागे, हरलो तर घरी, ३-२ ची आघाडी. तिथे जो आहे तो वापरायचाच. आणि त्यानंतर एक प्रवासाचा दिवस होता.

सहावीचं मात्र कोणीतरी समर्थन करून दाखवावं. ७-२. सातवी इनिंग, दोन आऊट, दोघं बेसवर, समोर लिंडॉर.

लेफ्टी_ऑन_लेफ्टी

करतो. हरलो तर सातवी मॅच नाहीच. दोघं बेसवर, लिंडॉरमागे नॅपोली. होमर गेला तर ७-५ आणि स्टेडियम डोक्यावर. तो शेवटचा खरा धोक्याचा क्षण होता, आणि सर्वांत चांगला पिचर सर्वांत धोक्याच्या क्षणी वापरायचा, नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायचा नाही. हीच गोष्ट क्लीव्हलँडच्या मॅनेजरने, टेरी फ्रँकोनाने, मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगमध्ये आणून केली तेव्हा सगळे वाहवा करत होते. तिथे क्रांती आणि इथे घोडचूक?

उलटा स्विंग

मिलरला आणायचे ते एका-दोन धावांच्या मॅचमध्ये. पाच धावांची आघाडी, सात आऊट बाकी. हा आकडाच धोका किती ते सांगतो. तरी लिंडॉरपुरता एक आऊट मान्य. (तोसुद्धा पहिल्या बेसवर स्वतः चॅपमनने धावत जाऊन घेतला आणि रिव्ह्यूनंतर आऊट मिळाला. पाच धावांनी पुढे असताना तुमचा क्लोजर बेसवर स्प्रिंट मारतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.)

त्यानंतर आठवी इनिंग पूर्ण टाकायला लावली. आणि नवव्या इनिंगमध्ये कब्जच्या रिझोच्या होमरने ९-२ झाल्यावर *परत* पाठवला. गायरला वॉक दिला, मग काढला. सात धावांची आघाडी होती हो.

आकडेमोड

त्याचं कारण मॅडनने दिलं होतं: रिझोचा होमर दोन आऊटनंतर आला, बदली स्ट्रॉपला गरम व्हायला वेळच मिळाला नाही. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, पण त्यातच चूक कबूल आहे. ७-२ असतानाच स्ट्रॉपला उभा करायला कोणी अडवलं होतं? रिलीव्हरला (मधे येणाऱ्या बदली पिचरला) अंग मोकळं करून पूर्ण जोर लागेपर्यंत २० च्या वर चेंडू लागतात, सात-आठ मिनिटं धरा. बुलपेनचा फोन त्या हिशोबाने आधी उचलायचा असतो. रिझोचा होमर नसता तरी पाच धावांची आघाडी होतीच.

बाय द वे, चॅपमनने स्वतः त्या डिसेंबरमध्ये यांकीजशी पाच वर्षांचा करार केल्यावर सांगितलं की आपल्याला वापरलं ते पटलं नाही, खास करून सहाव्या मॅचमध्ये.

चुलीवरचा चहा

पण मग मॅडनकडे दुसरं कोण होतं? एवढा एकच माणूस का?

पाचवा बेस

हा खरा प्रश्न. रोन्डॉन हा चॅपमन येण्याआधीचा क्लोजर. जुलै २०१६ मध्ये कब्जनी ग्लेबर टॉरेससकट चार जण देऊन चॅपमनला यांकीजकडून आणलं. त्यानंतर रोन्डॉनच्या दंडाचा स्नायू दुखावला, स्ट्रॉपच्या गुडघ्याचं दुखणं झालं. दोघे परतले पण मॅडनचा त्यांच्यावरचा विश्वास परतला नाही. बुलपेनमध्ये माणसं होती, मॅनेजरच्या मनात नव्हती.

लेफ्टी_ऑन_लेफ्टी

आठव्या इनिंगमध्ये मात्र मी डावखुरा यांच्या बाजूला येतो, फक्त कारण वेगळं.

दोन आऊट, पहिल्या बेसवर रामिरेझ, ६-३. पुढे गायर आणि डेव्हिस, दोघेही उजवे. ब्रँडन गायर तर संघात होताच मुळी डावखुऱ्या पिचरना झोडायला. त्याच्यापुढे डावखुरा लेस्टर काढून डावखुरा चॅपमन आणला! किपनिससाठी पुस्तक उघडलं आणि गायरच्या वेळी मिटलं. ताजा चॅपमन असेल तर डावं-उजवं बघायची गरज नसते, १०१ मैलांना बाजू नसते. पण त्या रात्री तो १०१ टाकत नव्हता. तिथे उजवा स्ट्रॉप किंवा एडवर्ड्स एका बॅटरपुरता. २०१६ मध्ये किमान तीन बॅटरचा नियमही नव्हता, तो २०२० पासूनचा.

उलटा स्विंग

डेव्हिसची ती बॅटिंग बेसबॉल शिकणाऱ्याने चेंडू-चेंडू बघावी.

डेव्हिसने बॅट बरीच वर पकडली होती, मुठीखाली बोटंच्या बोटं लाकूड दिसतंय. त्याचा अर्थ असा की मला ताकद नको, वेळ हवा. बॅट आखूड धरली की ती लवकर फिरते. समोर चॅपमन, म्हणजे फास्टबॉल. आणि आला तो फास्टबॉलच, एकामागून एक. डेव्हिस फाऊल (लाइनबाहेर जाणारे फटके) काढत राहिला. प्रत्येक फाऊलने बॅटरची वेळ सुधारत जाते. पहिला मागे जातो, पुढचा बाजूला, मग लाइनच्या जवळ. चॅपमनने स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) दाखवलाच नाही. दाखवला असता तर डेव्हिसला निदान संशय ठेवावा लागला असता.

२-२ वर चेंडू आला खाली, आतल्या बाजूला, ९७ मैल. ताज्या चॅपमनपेक्षा तीन-चार मैल कमी. ऐकायला किरकोळ, पण ६० फूट ६ इंचांवर तेवढ्याने बॅट काही इंच पुढे येते. १०१ ला तोच फटका फाऊल गेला असता. ९७ ला डावीकडच्या १९ फुटी भिंतीच्या जेमतेम वरून, फाऊल पोलच्या आत.

नाईटवॉचमन

यॉर्कर चुकला की फुलटॉस, तसं.

उलटा स्विंग

बरोबर, फक्त इथे टप्पा नाही चुकला, पेट्रोल संपलं. मग बघा, नवव्या इनिंगमध्ये मॅडनने त्याच दमलेल्या चॅपमनला परत पाठवलं, आणि तो स्लायडरवर आला. सान्ताना, किपनिस, लिंडॉर तिघे ओळीने आऊट. कब्ज वाचले ते या इनिंगमुळे. जो उपाय नवव्यात सापडला तो आठव्यात का नाही सुचला, हा प्रश्न मॅनेजरइतकाच कॅचरचाही.

कॅचरचा मुखवटा

मान्य. रॉसच्या नावावर हेही मांडा.

ढगफुटी

नवव्या इनिंगच्या बंटबद्दल (बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवणं) कोणीच का बोलत नाहीये? ६-६, तिसऱ्या बेसवर हेवर्ड, *एकच* आऊट, काउंट ३-२, आणि हावियर बाएझला बंट करायला लावला. दोन स्ट्राइक असताना बंट फाऊल गेला तर तो तिसरा स्ट्राइक, आऊट. गेला फाऊल. तिसऱ्यावर माणूस आणि एक आऊट अशा स्थितीतून साधारण तीनात दोनदा धाव येते. साधा उंच फटका पुरतो. पुढचा फाउलर ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेला फटका) आऊट. माझ्या मते चॅपमनपेक्षा वाईट निर्णय हा.

लेफ्टी_ऑन_लेफ्टी

बाएझ त्या सिरीजमध्ये अंगाबाहेरच्या चेंडूंवर हवेत बॅट फिरवत सुटला होता. स्ट्राइकआऊटची भीती धरून केलं. पण ३-२ वर... नाही, याचं समर्थन मलाही जमत नाही.

ढगफुटी

पण त्याच प्रसंगाने फ्रँकोनाला फसवलं! हेवर्ड तिसऱ्यावर आला तेव्हा फ्रँकोनाने कोको क्रिस्पला आउटफिल्डमधून काढून मायकेल मार्टिनेझला आणलं. क्रिस्पचा थ्रो दुबळा, उंच कॅचवर हेवर्ड सहज घरी गेला असता. बचाव म्हणून शंभर टक्के बरोबर चाल. फटका आउटफिल्डमध्ये गेलाच नाही. पण दहाव्या इनिंगमध्ये ८-७, दोन आऊट, बरोबरीची धाव बेसवर, आणि बॅटिंगला कोण? मार्टिनेझ. त्याच मॅचमध्ये डबल मारलेला क्रिस्प डगआऊटमध्ये.

पाचवा बेस

फ्रँकोनाचं नाव निघालंच आहे तर त्याला थोडा न्याय द्या. त्याच्याकडे पिचर होते कुठे? कारास्कोचा हात सप्टेंबरमध्ये मोडलेला, सालाझार कोपराखालच्या हाताच्या दुखण्यातून येऊन फक्त रिलीव्हर, बाउअरचं बोट ड्रोनने कापलेलं. (हो, ड्रोन. लीग चॅम्पियनशिपच्या ऐन तोंडावर घरी ड्रोन दुरुस्त करत होता.) म्हणून कोरी क्लूबर एक, चार आणि सात अशा तीन मॅचमध्ये, त्यातली चौथी आणि सातवी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर.

पहिल्या मॅचमध्ये पहिल्या तीन इनिंगमध्ये क्लूबरचे आठ स्ट्राइकआऊट, वर्ल्ड सिरीजचा विक्रम. सातव्या मॅचमध्ये चार इनिंग टाकूनही शून्य. एकही नाही. त्याचा बाहेर वळणारा ब्रेकिंग बॉल वळतच नव्हता. फाउलरने मॅच सुरू होताच होमर मारला, पाचव्याच्या सुरुवातीला बाएझने. मिलरचंही तेच. ऑक्टोबरभर १९ इनिंगच्या वर टाकलेला माणूस, ३० स्ट्राइकआऊट काढलेला, आणि शेवटच्या मॅचमध्ये दोन धावा देऊन गेला.

म्हणजे दोन्ही बाजूंचे हुकमी एक्के रिकामे होते. मॅडनने चॅपमन पिळला म्हणून आपण ओरडतो, फ्रँकोनाने दोघांना पिळलं ते नाइलाज म्हणून सोडून देतो.

डावखुरा

हा मुद्दा मात्र जोरदार आहे. पण नाइलाज आणि हौस यात फरक आहेच. ७-२ ला नाइलाज नव्हता.

चुलीवरचा चहा

पावसाचं काय? १७ मिनिटं मॅच थांबली आणि हेवर्डने भाषण दिलं, मग जिंकले, असं सगळीकडे वाचलंय.

आकडेमोड

भाषणाचं मोजमाप माझ्याकडे नाही. 😀 हाताचं आहे. पिचर गरम अवस्थेत बसला की १०-१५ मिनिटांत स्नायू थंडावतात. ब्रायन शॉ नवव्या इनिंगमध्ये टाकून बसलेला, मग पाऊस, मग परत गरम होऊन दहाव्याला. फ्रँकोनाने त्यालाच ठेवलं. पहिला बॅटर श्वार्बर, सिंगल. माझ्या दृष्टीने नवा पिचर आणायची तीच वेळ होती. कब्जच्या बाजूला चॅपमन तसाही संपला होता, त्यामुळे पावसाचं नुकसान एकाच बाजूला जास्त झालं.

आणि इथे मॅडनचा चांगला निर्णय नोंदवा, कारण धाग्यात त्याला कोणी शाबासकी दिलेली नाही. श्वार्बर एप्रिलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला, पळायला कच्चा. लगेच पिंच रनर अल्मोरा. ब्रायंटचा फटका खोल सेंटरला झेलला गेला आणि अल्मोरा पहिल्यावरून *दुसऱ्यावर* गेला. पहिल्या बेसवरून टॅग करून (झेल होईपर्यंत बेसवर थांबून मग पळत) जाणं क्वचित दिसतं. अर्ध्या वाटेत उभं राहून झेल बघायचा मोह होतो. तो बेसवर पाय ठेवून थांबला. त्यामुळे पहिला बेस मोकळा, रिझोला मुद्दाम वॉक, आणि झोब्रिस्टने तिसऱ्या बेसच्या बाजूने लाइनवर डबल मारला. ७-६.

नाईटवॉचमन

आणि मग तो मॉन्टेरो. साखळी पूर्ण झाली.

ढगफुटी

दहाव्याचा शेवटही मॅडनने नीट हाताळला. एडवर्ड्स, ४८व्या फेरीत निवडलेला काडीपैलवान, नॅपोली स्ट्राइकआऊट, रामिरेझ ग्राउंडआऊट. गायरला वॉक, डेव्हिसचा सिंगल, ८-७. मॅडनने तिथे क्षणभरही भावनेत न अडकता त्याला काढलं आणि माइक मॉन्टगोमेरी आणला. दोन चेंडू. मार्टिनेझचा हळू ग्राउंडर, ब्रायंट घसरत घसरत रिझोकडे. मॉन्टगोमेरीच्या मेजर लीग कारकिर्दीतला पहिला सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद).

चुलीवरचा चहा

मग विजयी पिचर म्हणून कोणाचं नाव लागलं? लेस्टर? एडवर्ड्स?

आकडेमोड

चॅपमन. 😀 बरोबरी करून दिली म्हणून ब्लोन सेव्ह, आणि टीमने आघाडी घेतली तेव्हा शेवटचा पिचर तोच होता म्हणून विजयही त्याच्याच नावावर. स्कोअरकार्डात दोन्ही एकाच ओळीत.

उलटा स्विंग

ज्याने आग लावली त्यालाच शौर्यपदक.

कॅचरचा मुखवटा

मूळ प्रश्नाकडे येतो. डावखुरा, तुमच्या तीन चुकांपैकी माझ्या हिशोबात दीड उरते. हेन्ड्रिक्सला काढणं ठीक, लेस्टरला आणायची वेळ चुकीची, म्हणून अर्धी. आठव्यातला चॅपमन स्वतंत्र चूक नाही, तो सहाव्या मॅचचाच चेक वटला. सहावी मॅच पूर्ण एक.

लेफ्टी_ऑन_लेफ्टी

बाएझचा बंट धरून अडीच.

डावखुरा

अडीच मान्य. पण शीर्षक बदलणार नाही, मॅडन वाचलाच.

आता मला कोणीतरी सांगा, समजा सहाव्या मॅचमध्ये लिंडॉरसाठी चॅपमन आणला नसता, मॉन्टगोमेरीलाच ठेवला असता, तर सातव्या मॅचच्या शेवटच्या आऊटसाठी मॉन्टगोमेरी किती ताजा राहिला असता?

आकडेमोड

अर्र. थांबा, त्याचे चेंडू मोजून येतो.